गोंदणाची फाइल

आप्पा, तुमची ती सीडी अजून चालते. निपाणीच्या स्टुडिओत काउंटरच्या खालच्या कप्प्यात मऊ फडक्यात गुंडाळून तुम्ही जी ठेवायचात आणि मला हात लावू द्यायचा नाहीत, ती. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमचा काँप्युटर भंगारात गेला, स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. आणि ह्याच आठवड्यात बेळगावात, वडगावच्या माझ्या खोलीत, ज्या मशीनवर ती चालणं शक्य नाही असं जाणत्या माणसांनी मला सांगितलं होतं, त्याच मशीनवर ती चालली. चालवली मी. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली बरं झालं, आणि जेवलीस का ते विचारलं. ह्यातलं काही कळणारं घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

त्या सीडीवरून तुमची किती थट्टा झाली होती ते आठवतं का? काँप्युटर जोडून द्यायला आलेल्या माणसानं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आधीच घालून आणलं होतं, साऱ्या गावात चालायचं तसं, कॉपी केलेलं. तुम्ही त्याला विचारलंत, हे कुणाचं. तो म्हणाला, सगळ्यांचंच की आप्पा. तुम्ही ते त्याला तिथल्या तिथं काढायला लावलंत. आपल्या जैन घरात अणुव्रतं पाळायची रीत होती, पण ती रात्री न जेवण्यापुरती आणि कंदमुळं न खाण्यापुरतीच असावीत असं मला वाटायचं. न दिलेलं घ्यायचं नाही हे व्रत काँप्युटरलाही लागू पडतं, हे मला तुमच्याकडून कळलं. पुण्याहून कंपनीचा खोका मागवलात, आत ती सीडी, त्यासाठी स्कूटरचा बेत पुढं ढकललात आणि आणखी दोन वर्षं सायकल हाणलीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. बाजारातले सगळे स्टुडिओवाले हसत होते आणि त्यांचं काम काही अडत नव्हतं.

तुम्ही कन्नड शाळेत शिकलेले, इंग्रजी जेमतेम वाचणारे. मेनूतला एकेक शब्द तुम्ही वहीत कन्नड अक्षरांत लिहून घेतलात आणि शेजारी तो काय करतो ते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. तीस वर्षं निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीनं रिटचिंग केलेला तुमचा हात माऊसवर बसेना, तेव्हा तुम्ही माऊसलाच शिव्या दिल्यात, त्याही कन्नडमध्ये, मला कळू नयेत म्हणून. मला सगळ्या कळत होत्या. सहा महिन्यांत तुम्ही असे तयार झालात की चिकोडीचे स्टुडिओवाले जुने फाटके फोटो घेऊन तुमच्याकडे यायला लागले. मी तुमच्या शेजारी स्टुलावर बसून शिकले. तुम्ही मला कधी चांगलं म्हणाला नाहीत. काम बरं झालं असलं की नुसतं पुढचं पाकीट सरकवायचात.

आणि मग तो गोंदणाचा दिवस. दूधगंगेकाठच्या एका गावचा शेतकरी आपल्या आईचा फोटो घेऊन आला होता. म्हातारी नुकतीच गेलेली, आणि आयुष्यात तिचा एवढाच एक फोटो निघालेला, तोही पोस्टकार्डाएवढा, बुरशीनं डागाळलेला. भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून हवा होता. तुम्ही तो माझ्याकडे दिलात, संपूर्ण माझ्याकडे दिलेलं ते पहिलंच काम. मी तीन दिवस बसून डाग काढले. लुगड्याचे काठ, केस, कान, गळ्यातली डोरली, सगळं कसं स्वच्छ केलं. चेहराही केला. कपाळावर दोन, गालावर एक, हनुवटीवर तीन अशी हिरवट काळी टिंबं होती, तीही बुरशीतच धरून पुसून टाकली. त्यात मूळ स्कॅनची कॉपीसुद्धा ठेवली नव्हती, त्याच्यावरच पुसत गेले. खेड्यातल्या बायकांची गोंदणं रोज डोळ्यांसमोर दिसत असून पडद्यावर ती मला दिसली नाहीत. तिथं मी फक्त डाग शोधत होते.

त्या माणसानं प्रिंट हातात घेतली. चिडला नाही, हेच वाईट. म्हणाला, "चांगलं केलंयसा, पर ही माझी आय न्हवं." आणि प्रिंट काउंटरवर पालथी ठेवली. तुम्ही त्याच्या हातातून मूळ फोटो घेतलात, खिडकीपाशी नेऊन पाहिलात, ठेवून घेतलात आणि त्याला चार दिवसांनी यायला सांगितलंत. तो गेल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणालात, "डाग कुठला आणि बाई कुठली, येवढं बी कळंना तुला, आक्का?" मग म्हणालात, सरक. मी स्टुलावरून उठले, तुम्ही दार लोटून घेतलंत. त्या दिवशी सूर्य मावळला तरी तुम्ही बाहेर आला नाहीत आणि मावळल्यावर जेवायचं नाही म्हणून उपाशीच राहिलात. आईनं त्याचा दोष मला दिला. तो शेतकरी चार दिवसांनी आला आणि नवीन प्रिंट छातीशी धरून घेऊन गेला. मी तेव्हा आतल्या खोलीत होते, ती प्रिंट मी पाहिलीच नाही. माझं काम फेकून देऊन तुम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा केलंत, असंच मी धरून चालले. पुढं लग्न होऊन वडगावात आले, तुम्ही गेलात, तरी ते शल्य काही गेलं नाही.

आता इकडचं सांगते. आमच्या घरात मागच्या बाजूला चार माग चालतात आणि पुढच्या खोलीत माझा स्टुडिओ. माग सुरू असले की टेबल हलतं आणि पडद्यावरचा बाणही माझ्या हातात राहत नाही, म्हणून बारीक काम मी माग जेवायला थांबतात तेव्हा करते. पासपोर्ट फोटो, बारशी, बेळगुंदीकडची लग्नं, बरं चाललंय. मध्यंतरी माझ्या काँप्युटरला नवं विंडोज पेलेना आणि जुन्याला विचारणारं कुणी राहिलं नाही. पिरनवाडीला राहणाऱ्या एक मॅडम फोटो काढायला आल्या होत्या, कॉलेजात काँप्युटर शिकवतात, घरात कन्नड बोलतात. त्यांनी मशीन पाहिलं आणि म्हणाल्या, टाकून कशाला देताय, विंडोजच्या जागी लिनक्स घाला. ही लिनक्स कुणा एका कंपनीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली आहे, कुणीही घ्यावी आणि वापरावी. मी पहिलं विचारलं, हे चोरीचं नाही ना. त्या हसल्या, म्हणाल्या, दिलेलंच आहे. तुम्हाला आवडलं असतं ते. त्यावर फोटोचं एक फुकटचं सॉफ्टवेअरही येतं, तेही तसंच, दिलेलं. दोन वर्षं मी त्याच्यावर काम केलं आणि तक्रार करावी असं काही नव्हतं.

पावसाळा संपल्यावर तो शेतकरी आला. मी त्याला ओळखलं नाही, आता म्हातारा झालाय. बरोबर त्याची मुलगी, इथंच बँकेत आहे. महापुरात त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, भिंतीवरचा तो फोटो काचेच्या आत भिजून नुसता रंगाचा राडा झाला. ट्रंकेतला मूळ लहान फोटो तर हाताला लगदा लागला म्हणाले. निपाणीत विचारत विचारत त्यांना माझा पत्ता मिळाला होता. मुलीचं लग्न आठ दिवसांवर. तो म्हणाला, "आमच्यात लगीन लागायच्या आदी नवरीनं आज्जीच्या पाया पडायचं असतंय. भितीवर आज्जीच न्हाय, तर कुनाच्या पाया पडायचं?" मी म्हणाले, आमच्या आप्पांनी सगळ्या सीडी जपून ठेवल्यात, बघते.

तुमच्या पत्र्याच्या पेटीत त्या फोटोची सीडी सापडली. वर तुमच्या कन्नड अक्षरात गावाचं नाव आणि खाली 'दुरुस्त'. मी सीडी लावली, फाइल उघडली, आणि पडद्यावर माझीच चूक आली. तोच स्वच्छ, कोरा चेहरा. कपाळ कोरं, हनुवटी कोरी. वीस वर्षांपूर्वी मी त्या बाईला पुसलं होतं आणि आज ती माझ्यासमोर पुन्हा पुसलेलीच उभी होती. दुसऱ्या सगळ्या सीडी उलटल्या, कुठंच काही नाही. अंदाजानं टिंबं ठेवावीत म्हणून त्या दोघांना फोनवर विचारलं, तर बाप म्हणाला गालावरचं उजव्या अंगाला होतं, मुलगी म्हणाली डाव्या. मलाही टिंबं किती ते आठवत होतं, कुठं ते नाही. अंदाजानं ठेवलं असतं तर ती तिसरीच कुणी बाई झाली असती, आणि ह्या वेळी तो माणूस प्रिंट पालथीही ठेवणार नव्हता. गप्प घेऊन गेला असता, कारण त्याच्याकडे ताडून बघायला काही उरलं नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मॅडमना फोन केला. लेबलावर दुरुस्त आहे आणि फाइलीत दुरुस्ती नाही, असं कसं होईल? त्यांनी विचार करून सांगितलं की त्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर रंग न लावता नुसता उजेड कमीजास्त करणारे पदर असतात, लेयर म्हणतात ते, आणि असले काही लेयर माझं फुकटचं सॉफ्टवेअर उचलत नाही, मुकाट्यानं सोडून देतं. म्हणजे दुरुस्ती आत असेल, पण दिसायची ती ज्यात केली त्यातच. आणि ते लिनक्सवर चालत नाही हो, असंही त्याच म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडे ते आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, आणा पेनड्राइव्ह, दोन मिनिटांचं काम. त्याच्याकडचं कॉपी केलेलं आहे, हे त्यानंच मला कधीतरी मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं. मी घरी आले आणि गेलेच नाही परत. मला पुण्यवान समजू नका. तुमचा खोका माझ्या कपाटात असताना तुमची फाइल त्याच्याकडं उघडायची, ह्याचा मला नुसता संताप आला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचाच फोन. लिनक्स आणि विंडोजचं सॉफ्टवेअर ह्यांच्या मध्ये उभा राहणारा एक प्रोग्रॅम असतो, तो लावून बघा म्हणाल्या, होईल असं काही सांगत नाही. आपल्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कसा एक दोन्ही भाषा येणारा माणूस मध्ये बसायचा, कन्नड शेतकऱ्याचं मराठी व्यापाऱ्याला सांगायचा, तसाच. सॉफ्टवेअर आपलं विंडोजशीच बोलतंय असं समजून बोलत राहतं आणि हा ते लिनक्सला सांगतो. मॅडमना परीक्षेची ड्यूटी लागली होती, त्या येऊ शकत नव्हत्या. जे करायचं ते मीच करायचं होतं, दहावी आणि टायपिंगच्या बळावर, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत इंग्रजी ओळी एकेक अक्षर बघून टाइप करत.

चार दुपारी गेल्या. पहिल्या दुपारी खोक्यातली सीडी वाचलीच जाईना, ती तुमच्यासारखी मधून कडेकडे पुसली, तेव्हा वाचली. मग सॉफ्टवेअरनं परवान्याचा नंबर विचारला आणि मी खोक्यावरचा तुमचा नंबर घातला. तो त्यानं घेतला तेव्हा मला अंगणात जाऊन कुणालातरी सांगावंसं वाटलं, पण अंगणात फक्त सुताच्या गाठोड्यांवर बसून डबा खाणारे कामगार होते. दुसऱ्या दुपारी मेनूत अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, फॉन्ट घातले तेव्हा ते गेले. तिसऱ्या दुपारी मशीन म्हणालं मेमरी पुरत नाही. ह्या मशीनची मेमरी तुमच्या काँप्युटरच्या कितीतरी पट! मी वैतागून घरातल्यांवर ओरडले. आमचे हे माग सोडून बघायला आले, म्हणाले नवीन घेऊया की मशीन. मी म्हणाले, मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही जा.

इंटरनेटवर कुठल्या देशातल्या कुणी माणसानं कधीतरी लिहून ठेवलेलं मला चौथ्या दिवशी सापडलं. त्या काळच्या सॉफ्टवेअरला एवढी मोठी मेमरी मोजताच येत नाही, मोजता आली नाही की ते नाही म्हणूनच सांगतं. त्याला थोडीच दाखवायची, आणि मधल्या प्रोग्रॅमला सांगायचं की तू जुनं विंडोज असल्यासारखा वाग. मी ते केलं. मागच्या बाजूचे मागही थांबलेले होते, जेवणाची वेळ. आणि तो करडा पडदा उघडला, आप्पा, तुमच्या टेबलावर होता तसाच्या तसा, डाव्या हाताला अवजारांची तीच पट्टी. मी ओरडले नाही काही. आधी उठून पाणी प्यायले.

फाइल उघडली आणि म्हातारी आली. कपाळावर दोन, डाव्या गालावर एक, हनुवटीवर तीन. मुलीचं बरोबर होतं. तुम्ही टिंबं रंगवली नव्हती. मूळ फोटो शेजारी ठेवून, त्या त्या जागी कातडीच थोडी गडद, थोडी हिरवट केली होती, म्हणून वरच्या सुरकुत्या टिंबातूनही जात होत्या. गोंदण कातडीच्या आत असतं तसं. ह्या बाजारात आज हे कुणाला जमत नाही, मी सगळ्यांचं काम पाहिलंय. पण मी बघत राहिले ते दुसरंच. फाइलीत लेयर एकूण चार. वरचे तीन तुमचे, कपाळ, गाल आणि हनुवटी. आणि त्यांच्या खाली चौथा माझा. मी पुसलेला, मी साफ केलेला, लुगड्याचे काठ आणि डोरली आणि केस, तीन दिवस बसून केलेलं सगळं जसंच्या तसं. तुम्ही काहीच फेकलं नव्हतंत. माझ्या कामावरच बसून, उपाशी राहून, मी घालवलं होतं तेवढंच परत आणलं होतंत. तुम्ही हे सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? वीस वर्षं लागली मला कळायला. मी रडले आणि लगेच मागांचा खडखडाट सुरू झाला, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही.

मोठी प्रिंट काढली, फ्रेम केली. लग्नाच्या तीन दिवस आधी बाप आणि लेक दोघं आले. मी फ्रेम टेबलावर उभी केली. म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पुन्हा लावला, पुढं होऊन काचेवरून हनुवटीवर बोट ठेवलं आणि नुसतं "आय" म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "व्हय गं, हीच." मुलगी पदर डोळ्यांना लावून उभी होती. मला वाटलं होतं की ह्या वेळी मला तो जुना दिवस आठवून लाज वाटेल. नाही वाटली. मला अभिमान वाटत होता. तुमचा, आणि माझाही, आणि कोणता कुणाचा ते मला वेगळं काढता येत नव्हतं.

हे पत्र मी कुठं पाठवणार? ह्याच मशीनमध्ये राहील, तुमच्या फाइलींच्या शेजारी. फक्त एक सांगायचं उरलंय. निघताना त्या मुलीनं विचारलं, "आज्जीचं गोंदण येवढं झकास कुनी केलंय ओ?" मी काय उत्तर देणार ते मनात ठरलेलं होतं, आमच्या आप्पांनी, असं. पण तोंडातून निघालं, "मी." म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात जोडले आणि मी ते जोडू दिले. दोघं रस्ता ओलांडून रिक्षात बसेपर्यंत मला वेळ होता, हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. मी हाक मारली नाही, आप्पा. आणि लग्नाला बोलावलंय, तिथं कुणी विचारलं तरी, बहुतेक, "मीच" असंच म्हणणार आहे.